क्वेरी कंपाइलरमध्ये एक्स्प्रेशनचे टाइप तपासताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: रिपोर्टसाठी एसक्यूएलच्या वळणाची छोटी क्वेरी भाषा बनवली आहे. पार्सर (क्वेरीचा मजकूर वाचून तिची रचना झाडाच्या रूपात मांडणारा भाग) तयार आहे, झाड हातात येतं. आता एक्स्प्रेशनचे टाइप (आकडा, मजकूर, तारीख यांपैकी काय ते) क्वेरी चालवायच्या आधीच तपासायचे आहेत. सुरुवात कुठून करावी, आपोआप होणारी रूपांतरं किती ठेवावीत आणि नलचं (किंमतच नसल्याच्या खुणेचं) काय करावं?

टाइप चेकर शेवटी काय देणार, हे आधी ठरवा. तो फक्त "चालेल" किंवा "नाही चालणार" एवढंच सांगणार असेल तर निम्मं काम रनटाइमच्या गळ्यात पडतं. पार्सरचं झाड घेऊन त्याने दुसरं झाड द्यायला हवं. या दुसऱ्या झाडात प्रत्येक नोडवर टाइप लिहिलेला असतो. प्रत्येक + नेमका कोणता, म्हणजे इंटिजरचा, डेसिमलचा की तारखेत दिवस मिळवणारा, हे ठरलेलं असतं. जिथे रूपांतर होणार तिथे कास्टचा, म्हणजे टाइप बदलण्याचा, नोड उघडपणे घातलेला असतो. त्यानंतर ऑप्टिमायझर (क्वेरी लवकर चालावी म्हणून तिची मांडणी बदलणारा) आणि एक्झिक्युटर (ती चालवणारा) यांनी टाइपबद्दल एकही निर्णय घ्यायचा नाही. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर असंच चालतं: व्याकरणातून निघालेलं कच्चं झाड वेगळं आणि विश्लेषण झाल्यावरचं झाड वेगळं. दुसऱ्यात ऑपरेटरच्या चिन्हाच्या जागी कॅटलॉगमधला (डेटाबेसच्या आतल्या नोंदवहीतला) त्याचा ओआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बसलेला असतो. तुमच्याकडे कॅटलॉग नसेल तर सिग्नेचरच्या (ऑपरेटर कोणते टाइप घेतो आणि कोणता देतो याच्या) तक्त्यातला अनुक्रमांकही पुरतो.

हिंडली-मिलनर पद्धतीचं (समीकरणं सोडवून टाइप ओळखणारं) अनुमान इथे आणायचा मोह होतो. त्याची गरज नाही. क्वेरीत कॉलमचे टाइप टेबलच्या व्याख्येतून आयते मिळतात. टाइप माहीत नसलेल्या गोष्टी तीनच: अवतरणातलं लिटरल (क्वेरीत थेट लिहिलेली किंमत), नुसतं नल आणि पॅरामीटर (क्वेरी चालवताना बाहेरून येणारी किंमत). शिवाय ओव्हरलोड झालेले (एकाच चिन्हाचे अनेक अर्थ असलेले) ऑपरेटर आणि इम्प्लिसिट, म्हणजे आपोआप होणारे, कास्ट एकत्र आले की युनिफिकेशनची (ती समीकरणं जुळवण्याची) गाडी अडखळते. पानांकडून मुळाकडे एकाच फेरीत जाणारी साधी पद्धत घ्या आणि त्या तीन अज्ञातांची वेगळी व्यवस्था करा.

त्या फेरीआधी नावं सोडवून घ्या. कोणतं नाव कोणत्या टेबलातल्या कॉलमचं, हे ठरल्याशिवाय टाइपचं बोलता येत नाही. दोन टेबलांत एकाच नावाचा कॉलम असेल तर गुपचूप पहिला उचलू नका, एरर द्या. आतल्या सबक्वेरीतून बाहेरच्या क्वेरीचा कॉलम वापरला असेल तर तो किती पातळ्या वरचा आहे हे नोडवर नोंदवा. सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव ऑर्डर बायमध्ये दिसतं, व्हेअरमध्ये दिसत नाही. हा नियमही याच टप्प्यावर पाळायचा.

आता एक उदाहरण जवळून पाहू. बिलांच्या टेबलात तीन कॉलम आहेत: रक्कम हा डेसिमल(१२,२) (एकूण अंक, म्हणजे प्रिसिजन, १२ आणि त्यातले दशांशातले, म्हणजे स्केल, २), दर हा डेसिमल(५,२) आणि नल चालणारा, नग हा इंटिजर. अट अशी:

रक्कम * (१ + दर / १००) > '५००'

पानांपासून सुरू करा. दर / १०० मध्ये १०० हे इंटिजर लिटरल डेसिमलशेजारी आलंय, म्हणून त्याला डेसिमल व्हावं लागेल. पण कोणत्या मापाचा? लिटरलमध्ये तीनच अंक आहेत म्हणून डेसिमल(३,०) म्हणा. भागाकाराचा स्पार्क आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटा प्रणालींचा नियम असा: स्केल म्हणजे ६ आणि (डावीकडचं स्केल + उजवीकडची प्रिसिजन + १) यातलं मोठं. प्रिसिजन म्हणजे डावीकडचे पूर्णांकी अंक, अधिक उजवीकडचं स्केल, अधिक हे नवं स्केल. स्केल आलं ६, प्रिसिजन ३ + ० + ६ = ९. म्हणजे डेसिमल(९,६). बेरजेत पूर्णांकी अंकांपैकी मोठा आकडा घेऊन हातच्यासाठी १ वाढवायचा: पूर्णांकी ४, स्केल ६, म्हणून डेसिमल(१०,६). गुणाकारात प्रिसिजनची बेरीज अधिक १, आणि स्केलची नुसती बेरीज: डेसिमल(२३,८). आता '५००' चा टाइप अजून ठरलेला नाही. समोर डेसिमल असल्यामुळे ते डेसिमल म्हणून वाचलं जाईल. हे वाचन कंपाइलच्या वेळीच करा, म्हणजे '५००/-' लिहिलं असेल तर पहिल्या ओळीला हात लागण्याआधीच एरर मिळेल.

तेच १ आणि १०० हे लिटरल आहेत हे विसरून त्यांना "इंटिजर म्हणजे डेसिमल(१०,०)" असं सरसकट धरलं तर? भागाकार डेसिमल(१६,१३) होतो, बेरीज डेसिमल(२४,१३), गुणाकार डेसिमल(३७,१५). कमाल मर्यादा ३८ असेल तर आपण काठावर उभे आहोत. वापरणाऱ्याने पुढे फक्त "* नग" जोडलं की हिशेबाने प्रिसिजन ४८ येते. ती ३८ मध्ये कोंबताना पूर्णांकी अंकांना जागा करायची म्हणून स्केल १५ वरून ६ या किमान मर्यादेवर येतं. कुठेही एरर नाही, पण दशांशाचे नऊ अंक गेले. लिटरल लहान मापाचं धरलं असतं तर तोच गुणाकार डेसिमल(३४,८) मध्ये आरामात बसला असता. "बेरीज पैशांत जुळत नाही" या तक्रारी बऱ्याचदा इथूनच येतात आणि लोक राउंडिंगचं फंक्शन धुंडाळत बसतात. म्हणून डेसिमलची प्रिसिजन-स्केल हा टाइपचा भाग माना, नंतर चिकटवायची चिठ्ठी नव्हे. आणि लिटरलच्या नोडवर "मी लिटरल आहे" ही खूण कास्ट ठरेपर्यंत टिकवा.

पूर्णांकांचा भागाकार हा दुसरा खड्डा. पोस्टग्रेसमध्ये १/२ म्हणजे ०, मायएसक्यूएलमध्ये ०.५०००, ओरॅकलमध्ये ०.५. बरोबर-चूक यातलं काही नाही, पण तुमच्या भाषेत एकच उत्तर ठरवा आणि ते सिग्नेचरच्या तक्त्यात लिहा. भाषा रिपोर्टसाठी असेल तर इंटिजर भागिले इंटिजर याचं उत्तर डेसिमल ठेवा आणि पूर्णांकी भागाकाराला वेगळं नाव द्या. टक्केवारी काढणाऱ्याला ० नको असतो.

अज्ञात लिटरलसाठी एक खोटा टाइप ठेवा, त्याला "अनोळखी" म्हणू. नियम सोपा: दोन बाजूंपैकी एक अनोळखी असेल तर तिला दुसऱ्या बाजूचा टाइप लावून पाहा. '१०' + ५ मध्ये दोन्ही इंटिजर. दोन्ही अनोळखी असतील तर अंदाज बांधू नका. पोस्टग्रेस '१०' + '५' ला "ऑपरेटर एकमेव नाही" म्हणून परत पाठवतं आणि ते योग्यच आहे. पण या सोप्या नियमाचीही किंमत मोजावी लागते. तारीख - '७' लिहिणाऱ्याला सात दिवस वजा करायचे असतात. नियमानुसार '७' ला तारीख मानलं जातं आणि एरर येते की '७' ही वैध तारीख नाही. ही एरर टाळण्यासाठी नियमाला अपवाद जोडत बसू नका. त्यापेक्षा मेसेजमध्येच सांगा: "डावीकडे तारीख असल्यामुळे '७' तारीख म्हणून वाचलं, दिवस हवे असतील तर अवतरण काढा."

आता इम्प्लिसिट कास्ट. इथे हात आखडता ठेवा. पोस्टग्रेसने प्रत्येक कास्टला तीनपैकी एक दर्जा दिलाय: एक्स्प्रेशनमध्ये आपोआप होणारा, फक्त कॉलममध्ये किंमत भरताना आपोआप होणारा, आणि स्पष्ट लिहिल्याशिवाय न होणारा. ही विभागणी जशीच्या तशी उचला. इंटिजरपासून डेसिमल, डेसिमलपासून फ्लोट (अंदाजे साठवलेला दशांशी आकडा) आपोआप होऊ द्या. फ्लोटपासून डेसिमल, डेसिमलपासून इंटिजर हे फक्त भरताना. टेक्स्टपासून आकडा हा कधीच आपोआप नको.

आकडे आणि तारखा आपोआप टेक्स्ट होऊ दिल्या तर काय होतं, याचा दाखला पोस्टग्रेसच्याच इतिहासात आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीपूर्वी तसे कास्ट चालत. कोणी अवतरण विसरून तारीख < २००८-०२-०४ लिहिलं की उजवीकडे वजाबाकी होऊन २००२ हा आकडा यायचा. तारीख आणि इंटिजर यांची थेट तुलना नाही, म्हणून दोन्ही टेक्स्ट व्हायचे आणि अक्षरांनुसार तुलना व्हायची. '२००७-१२-३१' हे '२००२' पेक्षा अक्षरक्रमाने मोठं, म्हणून २००७ सालच्या सगळ्या ओळी निकालातून गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही. ८.३ ने हे कास्ट काढले तेव्हा बऱ्याच जुन्या क्वेरी मोडल्या आणि लोक वैतागले, पण मोडलेल्यांपैकी पुष्कळशा आधीपासूनच चुकीचं उत्तर देत होत्या.

कास्ट कोणत्या बाजूला बसतो याचाही हिशेब ठेवा. ग्राहक-कोड हा व्हारचार (मजकुराचा) कॉलम आहे, त्यावर इंडेक्स (लवकर शोधता यावं म्हणून क्रमाने लावलेली यादी) आहे आणि अट आहे ग्राहककोड = ४१७. मायएसक्यूएल अशा तुलनेत दोन्ही बाजू फ्लोट करतं. '४१७', '००४१७' आणि '४१७अ' हे तिन्ही मग ४१७ च्या बरोबरीचे ठरतात, त्यामुळे टेक्स्टच्या क्रमाने लावलेला इंडेक्स कामी येत नाही आणि पूर्ण टेबल वाचावं लागतं. वर फ्लोटमध्ये पूर्णांक नेमकेपणाने मावतो तो ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच. त्यापुढचे दोन वेगळे कोड एकच ठरू शकतात. ओरॅकल कॉलमला आकड्यात बदलतं आणि एखाद्या ओळीत आकडा नसलेला मजकूर निघाला की क्वेरी मध्येच पडते. पोस्टग्रेस सरळ म्हणतं की असा ऑपरेटरच नाही. तुमच्या भाषेत शेवटचं वागणं ठेवा. आणि नियम असा करा की लिटरल आणि कॉलम आमनेसामने आले तर कास्ट लिटरलवर बसावा. कॉलमवर बसवावाच लागला तर निदान वॉर्निंग द्या.

ओव्हरलोड सोडवताना पायऱ्या ठरलेल्या क्रमाने चालवा. नेमका जुळणारा सिग्नेचर असेल तर तोच. नसेल तर इम्प्लिसिट कास्टने पोहोचता न येणारे वगळा. उरलेल्यांत जास्तीत जास्त जागी नेमके जुळणारे ठेवा. तरीही एकापेक्षा जास्त उरले तर त्या गटातला लाडका टाइप घेणारा निवडा. पोस्टग्रेसमध्ये टेक्स्टच्या गटात टेक्स्ट आणि आकड्यांच्या गटात डबल प्रिसिजन हे असे लाडके आहेत. तरीही दोन उरले तर एरर. "आधी नोंदवलेला जिंकतो" हा नियम कधीही नको. नवं फंक्शन जोडल्यावर जुन्या क्वेरीचा अर्थ बदलला की तो दोष शोधायला आठवडे जातात.

केस, कोअलेस (पहिली नल नसलेली किंमत देणारं फंक्शन) आणि युनियन यांना अनेक शाखांतून एकच टाइप काढावा लागतो. हे काम जोडीजोडीने केलं तर फसता. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्येच दाखवलंय: सिलेक्ट नल युनियन सिलेक्ट नल युनियन सिलेक्ट १ ही क्वेरी एरर देते. युनियन डावीकडून जोडीने सुटतं, पहिल्या दोन नलना दुसरा आधार नाही म्हणून टेक्स्ट मिळतं आणि मग टेक्स्ट आणि इंटिजर जुळत नाहीत. तुम्ही नवी भाषा लिहिताय, तर सलग युनियनच्या सगळ्या शाखा आधी एका यादीत गोळा करा, अनोळखी सोडून बाकीच्यांचा समान टाइप काढा, आणि मग तो अनोळखींना लावा. केसमध्ये एल्स नसेल तर तिथे नल आहे असं समजून तोच नियम. एका शाखेत १, दुसरीत 'नाही' असेल तर 'नाही' हे इंटिजर म्हणून वाचलं जाईल आणि एरर येईल. ती येऊ द्या, फक्त बोट 'नाही' वर ठेवा, अख्ख्या केसवर नको.

पॅरामीटरचा टाइप जिथे पहिल्यांदा वापर दिसेल तिथून घ्या. दोन जागी दोन वेगळे टाइप निघाले तर एरर. शेवटपर्यंत काहीच निघालं नाही तर तीही एरर, गुपचूप टेक्स्ट नको.

नलकडे वळू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नल चालतं की नाही ही खूण टाइपच्या नावात मिसळू नका. नोडवर वेगळी ठेवा, नाहीतर ओव्हरलोडचा तक्ता विनाकारण फुगतो. खूण काढायचे नियम असे. +, <, = यांसारख्या ऑपरेटरमध्ये एकही बाजू नलची असू शकत असेल तर उत्तरही नल असू शकतं. अँड आणि ऑर वेगळे: नल अँड असत्य म्हणजे असत्य. इज नल कधीच नल देत नाही. कोअलेस तेव्हाच नल होऊ शकतं जेव्हा त्याचे सगळे भाग होऊ शकतात. एल्स नसलेला केस नेहमी नल होऊ शकतो. शून्याने भागल्यावर मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट नल देतात, पोस्टग्रेस एरर देतं. तुम्ही पहिला रस्ता घेतलात तर प्रत्येक भागाकारावर नलची खूण लावायला विसरू नका.

हमखास चुकणाऱ्या जागा तीन. लेफ्ट जॉइनच्या (डाव्या टेबलाची प्रत्येक ओळ राखणाऱ्या जोडणीच्या) उजव्या टेबलातला कॉलम व्याख्येत नॉट नल असला तरी जॉइननंतर नल होऊ शकतो. म्हणजे खूण कॅटलॉगमधून थेट उचलायची नाही, त्या जागी कॉलम कोणत्या जॉइनमधून गेलाय ते पाहायचं. पोस्टग्रेसने २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत कॉलमच्या नोडवर हेच नोंदवायला सुरुवात केली: कोणकोणते आउटर जॉइन याला नल करू शकतात. दुसरी जागा सम. नॉट नल कॉलमची सम असली तरी ग्रुप बाय नसेल आणि एकही ओळ नसेल तर उत्तर नल. काउंट मात्र कधीच नल नाही. तिसरी जागा एक किंमत देणारी सबक्वेरी: ओळच आली नाही तर नल, मग आतला कॉलम काहीही असो.

वर घेतलेल्या उदाहरणात दर नल चालणारा आहे, म्हणून सगळी अट नल होऊ शकते. व्हेअरमध्ये अशी ओळ गळते. हीच अट चेक कन्स्ट्रेंटमध्ये (टेबलात ओळ भरताना तपासल्या जाणाऱ्या अटीत) लिहिली तर ओळ पास होते. बुलियनचा टाइप एकच, पण नलचा अर्थ जागेनुसार उलटा. नॉट इनच्या सबक्वेरीत नल येऊ शकत असेल तर वॉर्निंग द्याच. एक नल आला की ती अट कुठल्याही ओळीला सत्य ठरत नाही आणि रिपोर्ट रिकामा येतो.

ॲग्रिगेटची (सम, काउंट यांसारख्या अनेक ओळींवरून एक उत्तर काढणाऱ्या फंक्शनची) तपासणी याच फेरीत उरकते: नोडवर "आत ॲग्रिगेट आहे" एवढी खूण पुरे. व्हेअरमध्ये ॲग्रिगेट नको, ॲग्रिगेटच्या आत ॲग्रिगेट नको. ग्रुप बायशी जुळवाजुळव मात्र टाइप लावून झाल्यावर, तयार झाडं ताडून करा, मजकूर ताडून नाही.

ऑप्टिमायझर जोडाल तेव्हा प्रत्येक रीराइट (एक्स्प्रेशन बदलून लिहिणाऱ्या) नियमानंतर टाइप आणि नलची खूण पूर्वीचीच आहे का हे तपासणारी असर्शन (न जुळल्यास लगेच थांबवणारी तपासणी) ठेवा. कॅल्साइट (क्वेरी ऑप्टिमायझर बनवायचं साधन) हे कडकपणे करतं: कोअलेस(क, ०) च्या जागी नुसता क ठेवणारा नियम नॉट नलची खूण सांभाळत नसेल तर वेगळ्या टाइपचं एक्स्प्रेशन संचात घालता येत नाही असं म्हणून ते तिथेच थांबतं. त्रासदायक वाटतं, पण चूक नियमाच्या जागी पकडली जाते. स्थिरांक आधीच मोजून ठेवताना शाखांचं भान ठेवा. केस व्हेन क > ० देन क एल्स १/० एंड मधला १/० पोस्टग्रेसचा प्लॅनर आधीच मोजायला जातो आणि एल्स कधीच लागू होणार नसला तरी क्वेरी पडते. मोजताना एरर आली तर तो भाग न मोजता तसाच सोडा.

एररसाठी "बिघडलेला" नावाचा टाइप ठेवा. एका नोडवर एरर दिली की त्याला हा टाइप द्या, आणि ज्याच्या कुठल्याही भागाला हा टाइप आहे तो नोड स्वतः गप्प राहून बिघडलेलाच होतो. नाहीतर कॉलमचं एक नाव चुकलं की वापरणाऱ्याला दहा एरर दिसतात आणि खरी एरर त्यात हरवते. मेसेजमध्ये दोन्ही बाजूंचे टाइप, ते कुठून आले आणि क्वेरीतली नेमकी जागा द्या. त्यासाठी ओळ-स्तंभ पार्सरपासून प्रत्येक नोडवर यायला हवेत. आपण घातलेल्या कास्टच्या नोडला मूळ एक्स्प्रेशनचीच जागा द्या.

चाचणीसाठी तक्ता छापा. आठ टाइप आणि बारा दोन-बाजूंचे ऑपरेटर धरले तर ८ × ८ × १२ = ७६८ ओळी होतात. प्रत्येक ओळीत उत्तराचा टाइप, कास्ट कुठे बसला आणि एरर असल्यास कोणती. ही फाइल कोडसोबत ठेवा. कोणी एक इम्प्लिसिट कास्ट वाढवला की किती ओळी हलल्या ते रिव्ह्यूतच दिसतं, आणि दोनऐवजी नव्वद हलल्या असतील तर तो कास्ट तिथेच परत जातो. जोडीला यंत्राने बनवलेली, हजारो ऑर असलेली एक अटही चालवून पाहा. रिपोर्टची साधनं अशा अटी सर्रास बनवतात आणि रिकर्शनने (प्रत्येक पातळीला स्वतःलाच पुन्हा बोलावत) चालणाऱ्या चेकरचा स्टॅक, म्हणजे त्यासाठीची मेमरी, तिथे संपतो. अँड आणि ऑरच्या साखळ्या पार्सरमध्येच एका यादीच्या नोडमध्ये सपाट केल्या की झाडाची खोली वाढत नाही.